बुसानच्या १६८ पायऱ्या आणि पुढचा नकोसा रस्ता

दक्षिण कोरियातल्या बुसानमधल्या या वाटेबद्दल "तासाभराची रमतगमत फेरी" असं ज्यांनी लिहिलंय, ते स्वतः ती चालले नसावेत. बुसान स्टेशनसमोरून निघून चोर्यांगची जुनी कामगार वस्ती चढायची आणि आमी-दोंग वस्तीवरून गामचोन या रंगीत वस्तीला पोचायचं, असा आमचा बेत होता. आम्ही दोघं पावसाळाभर सह्याद्रीत फिरणारे, तरी ऑगस्टच्या दमट उकाड्यात साडेचार तास लागले.

पहिली फसगत नकाशाची. आपण रोज वापरतो त्या नकाशाने पायी रस्ता दाखवलाच नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप ही कोरियन अ‍ॅप आदल्या रात्रीच फोनवर घ्या. पण नकाशावरच्या किलोमीटरांवर विसंबू नका, इथे चढ मोजायचा.

चोर्यांगच्या १६८ पायऱ्या म्हणजे घरांच्या दोन रांगांमधून सरळ वर गेलेला जिना. शेजारी मोनोरेल आहे असं वाचून निर्धास्त गेलो, तर ती बंद. चढलो. निम्म्यावर माझ्या पोटऱ्या भरून आल्या, शर्ट पिळून काढावा इतका भिजला. खाली विहीर आहे. १९५० च्या कोरियन युद्धात पळून आलेल्या निर्वासितांनी या डोंगरावर झोपड्या बांधल्या, त्यातले कितीतरी बंदरात हमाली करत. घरचं पाणी याच पायऱ्यांवरून वर न्यायचं. हातात अर्ध्या लिटरची बाटली घेऊन मी तिथे थांबलो, तेव्हा ते पहिल्यांदा नीट कळलं. म्हणून शेजारी वर जायची काही सोय चालू असली तरी एकदा पायी चढाच.

खरा त्रास त्यानंतरचा. वरून सानबोक-दोरो जातो, म्हणजे डोंगराच्या पोटावरून काढलेला रस्ता. सुरुवातीला खाली बंदर आणि क्रेन दिसतात, ते झकास. पुढे मात्र वळणामागून वळण, फुटपाथ कधी हातभर तर कधी गायब, आणि बस अगदी खांद्याजवळून जाते. सावली नाही. दोनदा चुकीच्या बोळात शिरून कुणाच्या तरी दारातच पोचलो. हा पट्टा चालू नका. पाहण्यासारखं काही निसटत नाही, अंगातली ताकद तेवढी संपते.

ती आमी-दोंगसाठी राखून ठेवा. जपानी राजवटीतली इथली दफनभूमी युद्धात आलेल्या लोकांना राहायला मिळाली. त्यांनी थडग्यांवरच घरं उभी केली, स्मृतिशिळा पाया आणि पायऱ्यांना वापरल्या. एका भिंतीच्या बुडाशी कोरीव अक्षरांचा दगड दिसला आणि वर गॅसचा सिलिंडर ठेवलेला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. लोक आजही राहतात, तेव्हा हळू बोला आणि खिडकीत कॅमेरा खुपसू नका. मी फोन खिशात टाकला.

गामचोन रंगीत आहे, फोटोला रांगा आहेत, तासभर पुरे.

आता परत गेलो तर असं करेन: सकाळी आठच्या आत १६८ पायऱ्या चढून त्याच वाटेने स्टेशनला उतरायचं. मग मेट्रोच्या १ नंबर लाइनने चौथं स्टेशन तोसोंग, ६ नंबरच्या एक्झिटमधून बाहेर पडून गामचोनकडे जाणारी छोटी बस घ्यायची आणि आमी-दोंगला उतरायचं. टी-मनी हे प्रवासाचं कार्ड दोन्हीकडे चालतं. पाणी मात्र खालीच भरून घ्या, माणशी दोन लिटर.