एकच पुस्तक सांग म्हणता, म्हणून

महिन्यातून दोनतीनदा तरी हा मेसेज येतोच. "अगं तू वायनरीत होतीस ना, वाईनवर एकच चांगलं पुस्तक सांग." कधी वाईनच्या जागी बिअर असते, कधी कॉकटेल, आणि लग्नसराईत तर "जावईबापूंना खाण्यापिण्याची आवड आहे, भारी दिसणारं काहीतरी सुचव, बजेट दोन हजार". मी दरवेळी "सांगते हं" म्हणते आणि सांगत नाही. मग कानावर येतं की हिला शिंगं फुटलीत. फुटलेली नाहीत. पण दोन ओळीत सांगता येत नाही आणि दहा ओळी कोणी वाचत नाही, त्यामुळे आता एकदाच काय ते लिहिते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

भारी दिसणारं हवं असेल तर मला विचारूच नका. किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागतात ना, तिथे जा, चकचकीत कागद, पानभर चीजचे फोटो, तांब्याची भांडी, सगळं मिळतं. टीपॉयवर छान दिसतं, वर चहाचा कप ठेवला तरी चालतं. मी टोमणा मारत नाहीये, माझ्याकडे अशी चार आहेत आणि चारही मला भेटच आलीयेत.

वाचायला हवं असेल तर मात्र मी आधी उलट विचारते. काय पिता? कुठे राहता? घरात मोजायला काय आहे? लोक वैतागतात, पुस्तक विचारलं तर ही मुलाखत घेते. पण त्याशिवाय कसं सांगणार? कॉकटेलचंच घ्या. जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारटेंडरचं 1862 चं पुस्तक आहे, या विषयावरच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी, त्यात माप म्हणून 'वाइनग्लास' येतो. तो आपल्या डोळ्यासमोर येतो तो फुगीर ग्लास नाही, साधारण 60 मिली, म्हणजे आपला लार्ज. माझ्या एका मित्राला हे माहीत नव्हतं. त्याने खराखुरा वाइनग्लास घेतला आणि काठोकाठ ब्रँडी मोजली, पुढचं त्याच्या बायकोला विचारा. त्यापेक्षा लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचं 1930 चं पुस्तक बरं, त्यात बरंचसं अर्धा भाग, पाव भाग असं चालतं. ग्लास घ्या नाहीतर वाटी घ्या, प्रमाण बिघडत नाही. आपल्याकडे 'रुचिरा' 1970 पासून घराघरात पोचलं त्यात वाटी-चमच्याच्या मापाचा केवढा हात आहे! ज्याच्या घरी जे भांडं असेल त्याने मोजा. म्हणून पुस्तक हातात घेतलं की मी आधी त्यातली मापं बघते, लेखकाच्या डोळ्यासमोर कोणाचं स्वयंपाकघर होतं ते तिथे कळतं.

बिअरचं एका वाक्यात सांगते. मायकल जॅक्सनचं शोधा. नाही, तो नव्हे, हा इंग्रज पत्रकार होता, 1977 मध्ये त्याने जगभरच्या बिअर प्रकारांनुसार लावून पुस्तक काढलं आणि आज मेन्यूकार्डावर जी प्रकारांची नावं दिसतात ती बरीचशी त्या वळणाची आहेत. त्यातल्या कितीतरी ब्रुअरीज आता नसतील, पण प्रकार समजून घ्यायला चालतं.

आता वाईन. इथे माझी गाडी अडते.

मापं बदलून घेता येतात हो. वासाचं काय? वाईनच्या पुस्तकांत निम्मे शब्द वासाचे, आणि वास कोणाच्या तरी बालपणातले. गूसबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर. लेखकाच्या घरामागे ती झुडपं असणार. आपल्याकडे ब्लॅककरंट म्हटलं की पाहुणे खूश होऊन सांगतात, हां हां, ते जांभळं आईस्क्रीम! आणि खरं सांगते, मलाही पहिली दोन वर्षं तेवढंच माहीत होतं, पण मी बोलायचे मात्र अशी की जणू लहानपणी झाडावर चढून खाल्लीयेत.

तर तो किस्सा. मी हा फारसा कोणाला सांगितलेला नाही.

2008 चा फेब्रुवारी. मी चोवीस वर्षांची, नाशिकजवळच्या एका वायनरीत टेस्टिंग रूमला, पांढरा शर्ट, काळी पँट, नावाची पट्टी. पहिल्या पगारातून एक चपटं टेस्टिंग गाइड घेतलं होतं, इंग्लंडमध्ये छापलेलं, ते अक्षरशः पाठ केलेलं. इतकं पाठ की एकदा पाहुण्यांना सांगून बसले, तोडणी सप्टेंबरात होते म्हणून. निफाड तालुक्यात द्राक्षाच्या घरात वाढलेली मुलगी! एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी हे मला अंगणात खेळताना माहीत होतं, पण तोंडातून बाहेर पडलं ते फ्रान्सचं कॅलेंडर. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. झाले नाही.

त्या रविवारी वायनरीने माल देणाऱ्या शेतकऱ्यांना बोलावलं होतं. त्यात माझे आप्पा, म्हणजे सख्खे चुलते. त्यांनी दीड एकर सॉव्हिन्यॉ ब्लां, म्हणजे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष, लावलं होतं करारावर, तेव्हा सगळे लावत होते. आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढी वारी, आणि शेतात दारूची द्राक्षं, याच्यावरून घरात चेष्टा व्हायची तर म्हणायचे, "मी द्राक्षं पिकवतो, त्याचं पुढं काय होतं ते त्यांचं त्यांना." तर आप्पा आले, टोपी काढून हातात धरली, आणि नेमके माझ्याच काउंटरला उभे राहिले. बाजूला मुंबईचं सातआठ जणांचं टोळकं होतं, त्यांच्या समोर याच द्राक्षाची वाईन ओतलेली.

मी सुरू केलं. ही मागच्या हंगामाची, थंड सर्व्ह करायची, नाकाशी धरा, गूसबेरी येईल, ताजं कापलेलं गवत येईल.

आप्पांनी ग्लास उचलला. मला वाटलं नको म्हणतील. म्हणाले, "घेत नाही मी, नुसता वास घेतो." आणि डोळे मिटून घेतला. बराच वेळ. घडावर कीड आहे का बघताना ते जसं वाकतात ना तसं वाकून.

मग विचारलं, "गूसबेरी म्हंजे काय गं?"

आता मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायचं होतं, बस. पण मुंबईकर बघत होते. मी म्हटलं, "आवळा, आप्पा. आवळ्यासारखं."

त्यांनी परत हुंगलं. "आवळा नाय यात." आवाजात भांडण नाही, काही नाही, सोसायटीत वजनकाट्यावर उभं राहून आकडा वाचावा तसं. "यात ढोबळी मिरचीय. शेडमधी सकाळी शिरल्यावर येतो ना, देठ मोडल्यावर, तसा."

टोळक्यातला एक जण हसला. वाईट हेतूने नसेल, पण हसला, आणि "मिरची!" असं काहीतरी म्हणाला, मग बाकीचे हसले. आणि मी काय करावं? मीही हसले. वर म्हटलं, "आप्पा, ते तसं नसतं, पुस्तकात सगळं ठरलेलं असतं."

"पुस्तकात असंल मग," ते म्हणाले. ग्लास ठेवला. इतका हळू ठेवला की आवाज आला नाही. टोपी घातली आणि बाहेर जाऊन ट्रॅक्टरच्या लोकांत उभे राहिले. जेवायला थांबले नाहीत.

आता ऐका. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर एक गोल तक्ता लॅमिनेट करून लावलेला होता. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या ॲन नोबल यांनी 1984 मध्ये केलेलं वासांचं चक्र, जगभरच्या टेस्टिंग रूममध्ये असतं. त्यात 'वनस्पती', त्याच्या आत 'ताजी', आणि तिथे छापलेलंय: बेल पेपर. ढोबळी मिरची. माझ्या डोक्यापासून फूटभर वर. रोज ओल्या फडक्याने मीच पुसायचे तो तक्ता. बेल पेपर म्हणजे ढोबळी हे मला माहीत होतं हो, पिझ्झावर असते तेव्हा माहीत होतं. पण वाईनच्या भाषेत बोलताना मराठी डोकं मी घरीच ठेवून यायचे बहुतेक.

आणि पुढे चारपाच वर्षांनी, वेगळ्याच जाडजूड पुस्तकात, कळलं ते तर आणखी जिव्हारी लागणारं. सॉव्हिन्यॉला येणारा तो हिरवा वास आणि ढोबळीचा वास 'सारखे' नाहीत, एकाच जातीच्या द्रव्याचे आहेत. पायराझिन म्हणतात. घडावर ऊन कमी पडलं, पाल्याची सावली दाट राहिली की ते जास्त उरतं. त्या हंगामात आप्पांना मजूर मिळाले नव्हते, पानं विरळली नव्हती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. म्हणजे पिणं तर सोडाच, जिभेलासुद्धा न लावता माणसाने आपल्या बागेतली चूक ग्लासात ओळखली होती. की ओळखली नव्हती, नुसती मिरची ओळखली होती? मला अजून ठरवता येत नाही. त्यांना शहाणा शेतकरी करून फ्रेममध्ये लावायचाही मोह होतो, तो मी आवरते. कदाचित त्या ग्लासात त्यांचा माल नव्हताच, टाकीत दहा जणांची द्राक्षं एकत्र जातात.

आणि गूसबेरी? आवळ्याला इंग्रजीत इंडियन गूसबेरी म्हणतात, रसभरीला केप गूसबेरी, आणि पुस्तकातली ती तिसरीच, युरोपातलं काटेरी झुडूप. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी ती अजून खाल्लेली नाही.

तुम्ही म्हणाल, मग पुस्तकंच नकोत, नाकावर विश्वास ठेवा. इथेच मला राग येतो. हे बोलायला सोपं आहे. चोवीस वर्षांची मी समोर येऊन बसते आणि म्हणते, बाई गं, त्या चपट्या गाइडशिवाय तुला ग्लास नाकाशी धरायचं तरी सुचलं असतं का? नसतं. घरी द्राक्षाचा वास म्हणजे द्राक्षाचा वास, संपलं. त्या पुस्तकानेच मला पहिल्यांदा सांगितलं की वासाला आत खोल्या असतात. बरोबर आहे तिचं. पण आप्पांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं होतं, असं मी म्हणते, तर ती म्हणते, त्यांच्याकडे ढोबळीची शेड होती, सगळ्यांकडे नसते. हे भांडण आमचं सोळा-सतरा वर्षं चालू आहे. कोणी मध्ये पडू नका.

तेव्हापासून दुकानात पुस्तक उघडलं की मी एवढंच बघते. वासाचे शब्द नुसते टाकलेत की ते कुठून येतात हे सांगितलंय? कारण दिलेलं असेल तर तो शब्द मला माझ्या गावात आणता येतो, नुसती यादी असेल तर परत आवळाच होणार. म्हणून खाण्यापिण्यात आवड असणाऱ्याला मी वाईनच्या आधी हॅरल्ड मॅगी या अमेरिकन लेखकाचं स्वयंपाकामागच्या विज्ञानावरचं पुस्तक घ्या म्हणते, 1984 चं, पण 2004 ची सुधारित आवृत्ती बघून घ्या. त्यात पाककृती शोधायला जाऊ नका, दूध का फाटतं, कांदा का रडवतो असलं आहे, कंटाळा येईल असं वाटतं आणि येत नाही. वाईनचा नकाशा हवा असेल तर ह्यू जॉन्सन या इंग्रज वाईन-लेखकाचा ॲटलस, पहिला 1971 चा, 2001 पासून जॅन्सिस रॉबिन्सन सहलेखिका आहेत. मात्र सेकंडहँड स्वस्त मिळतोय म्हणून विसाव्या शतकातला उचलून आणू नका, नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन बाजारात आली 2000 मध्ये, महाराष्ट्राचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 चं, म्हणजे त्यात तुमचं नाशिक कुठून असणार. कॉकटेलचं पुस्तक पन्नास वर्षं जुनं चालतं. वाईनच्या नकाशाचं नाही.

आप्पांना सांगितलं का, असं आता विचाराल. नाही सांगितलं. 2009-10 ला मंदी आली, माल पडून राहिला, कितीतरी जणांनी वाईनची द्राक्षं उपटली, आप्पांनीही उपटली, परत खायची थॉम्सन लावली. त्या काळात कोणत्या तोंडाने जाऊन म्हणणार होते की आप्पा, ती मिरचीच होती बरं का. नंतर वेळ निघून गेली असं वाटलं. गेली नव्हती, ते आहेत, परवाच दिवाळीला भेटले, ब्याऐंशी वर्षांचे, कान गेलेत पण नाक शाबूत, फोडणी करपायच्या आधी ओसरीवरून ओरडतात. सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी चिवडा खात बसले.

ते चपटं गाइड अजून माझ्याकडे आहे. सॉव्हिन्यॉच्या पानावर गूसबेरीच्या शेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने 'आवळा' लिहिलंय, खाली दोन रेघा. बाकी कपाटातलं कुठलंही न्या, जावईबापूंना द्यायला ती चार चकचकीत न्या, परत नाही केलीत तरी चालेल. हे तेवढं मागू नका.