समुद्रतळाच्या गाळात प्लवकांचा माग: माझा पीएच.डी.चा अनुभव

माणूस हवेत सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. समुद्रात गेलेला कार्बन तिथे किती काळ टिकतो, हा प्रश्न मात्र पुष्कळच गुंतागुंतीचा आहे आणि माझे संशोधन त्याच प्रश्नाच्या एका कोपऱ्यात झाले. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे काम समुद्रातले वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वाहणारे सूक्ष्म जीव, करतात. त्यांनी बांधलेला बहुतेक कार्बन वरच्या थरातच खाल्ला जाऊन परत पाण्यात मिसळतो, थोडा खोल उतरतो आणि एक टक्क्याहूनही कमी तळाच्या गाळात गाडला जातो. यांपैकी सिलिकाचे जड कवच असलेले डायटम तुलनेने लवकर बुडतात. कोकोलिथोफोर हे दुसरे प्लवक चुन्याचे कवच घडवताना उलट कार्बन डायऑक्साइड मोकळा करतात. अतिसूक्ष्म पेशी तर एकेकट्या जवळजवळ बुडतच नाहीत. पहिल्याच भेटीत माझे मार्गदर्शक म्हणाले होते, "प्लवक किती होते हे पुष्कळांनी मोजलेय. तू कोण होते ते शोध." त्यासाठी तळाच्या गाळात हजारो वर्षे टिकून राहिलेला प्लवकांचा डीएनए वाचायचा होता.

गोव्यात राहून हा मुद्दा समजायला फार दूर जावे लागत नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसोबत २००९ मध्ये दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला होता. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडल्यावर प्लवक वाढले खरे. पण त्या पाण्यात सिलिका फारच कमी असल्यामुळे डायटमांना जोर धरता आला नाही, वाढलेले इतर प्लवक कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केले आणि खोलवर कार्बन फारसा गेला नाही. लोह तेच असले तरी कोण वाढले यावर सगळा हिशेब फिरला. माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत हा प्रयोग पहिल्याच पानावर आहे.

फेलोशिप, नोंदणी, कोर्सवर्क आणि दर सहा महिन्यांच्या प्रगती अहवालांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ते सगळीकडे सारखेच असते. खरा प्रश्न नमुन्यांचा होता. शीतगृहात आधीच्या सफरींतले गाळाचे कोअर, म्हणजे तळातून नळीने काढलेले गाळाचे उभे स्तंभ, होते आणि ते वापरले असते तर माझा बराच वेळ वाचला असता. पण वर्षानुवर्षे ठेवलेल्या कोअरमध्ये ऑक्सिजन शिरतो, बुरशी वाढते आणि मुळातच तुटका असलेला डीएनए आणखी कुजतो. त्यामुळे जहाजावर जागा मिळेपर्यंत थांबण्याचे ठरले. हा निर्णय मला तेव्हा जाचक वाटला होता. आज तो पूर्णपणे पटतो.

मुरगाव बंदरातून निघालेल्या त्या सफरीत पश्चिम किनाऱ्याच्या उतारावर, म्हणजे अरबी समुद्राचा ऑक्सिजन-न्यूनतम पट्टा जिथे तळाला टेकतो त्या खोलीवर, आम्ही ग्रॅव्हिटी कोअर, म्हणजे वजनाने तळात घुसणाऱ्या नळीने काढलेले कोअर, घेतले. हा पट्टा साधारण १५० ते १,००० मीटरांच्या दरम्यान असतो. तिथे तळाशी प्राणवायू नसल्यासारखाच असल्याने गाळ उकरणारे जीव कमी असतात आणि सेंद्रिय द्रव्य टिकते. पीव्हीसीची नळी उभी चिरली, की शेवाळी हिरवा, गुळगुळीत गाळ दिसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास नाकात बसतो. डीएनएसाठीचा नमुना घेण्याची शिस्त ठरलेली आहे. कोअर आत घुसताना बाहेरचा थर वरच्या ताज्या गाळाने माखलेला असतो, म्हणून आधी तो खरवडून टाकायचा. मग टोक कापलेली निर्जंतुक सिरिंज मधोमध खुपसायची. सुरुवात सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या थरापासून करायची आणि प्रत्येक थराला हातमोजे बदलायचे. जहाज डोलत असताना रात्री हे काम करणे म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही.

गोव्याला परतल्यावर क्लीन रूमचे, म्हणजे बाहेरचा डीएनए शिरू नये म्हणून जपलेल्या खोलीचे, पर्व सुरू झाले आणि माझ्या मते या विषयातली पीएच.डी. मुख्यतः तिथेच होते. प्राचीन डीएनएचे तुकडे बहुधा शंभर अक्षरांहूनही लहान असतात आणि त्यांचे प्रमाण इतके नगण्य असते, की आजच्या एखाद्या जीवाचा कणभर अंश पुरेसा ठरून सगळे झाकून टाकतो. माणसाचा डीएनए तर येतोच; रसायनांच्या बाटल्यांतही जिवाणूंचा डीएनए असतो. आमच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. त्याच मजल्यावर जिवंत डायटम वाढवले जात होते आणि मी नेमके डायटमच शोधत होते. म्हणून ज्या दिवशी एखादी व्यक्ती त्या कल्चर रूममध्ये गेली असेल, त्या दिवशी तिने क्लीन रूमचे दार उघडायचे नाही, असा नियम आम्ही घातला. प्रत्येक तुकडीबरोबर गाळ न घालता केवळ रसायनांवर तीच सगळी प्रक्रिया करायची, याला आम्ही ब्लँक म्हणतो. एकदा ब्लँकमध्ये माशांचा डीएनए आला. दुपारच्या डब्यात सगळ्यांच्याच हुमण, म्हणजे माशांची आमटी, असते अशा गावात याचे आश्चर्य वाटायला नको होते. पण त्या निकालामुळे माशांविषयीचे सगळे निष्कर्ष मी प्रबंधातून काढून टाकले आणि त्याची मला अजिबात हळहळ नाही.

थरांचे वय ठरवण्याचे काम त्या मानाने शांतपणे झाले. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून धुऊन वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याने ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या फोरॅमिनिफेराची (कवचधारी एकपेशीय जीवाची) पांढरी कवचे एकेक करून वेचायची. मग त्यांचे रेडिओकार्बन मापन करून घ्यायचे आणि समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच 'जुना' असल्याची वजावट करायची.

पद्धतीच्या बाबतीत माझे मत मध्येच बदलले. सुरुवातीला मी जीव ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १८एस जनुकाचा ठरावीक लहान भाग पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाचत होते. ही पद्धत स्वस्त आहे आणि तिने नावांची भलीमोठी यादी हाती येते. पण ती यादी खरोखर जुनी आहे का, हे त्या पद्धतीने सांगता येत नाही. जुन्या डीएनएच्या टोकांशी सायटोसिन या अक्षराचे युरॅसिल झालेले असते आणि वाचताना ते थायमिन म्हणून दिसते. हीच जुनेपणाची खूण होय. पीसीआरचे तुकडे मात्र प्राइमरपाशीच, म्हणजे आपण घातलेल्या सुरुवातीच्या तुकड्यापाशीच, सुरू होत असल्याने मूळ टोके दिसतच नाहीत. म्हणून निवडक थरांसाठी आम्ही सगळा डीएनए सरसकट वाचणारे शॉटगन सिक्वेन्सिंग केले. त्याला पैसे जास्त लागले आणि बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून निकाल येण्यास कल्पनेपेक्षा बराच उशीर झाला. तरीही नवीन येणाऱ्यांना मी हेच सांगेन, की नमुने थोडे कमी घ्या, पण खुणा तपासता येतील अशाच पद्धतीने वाचा.

सगळ्यांत जास्त काळ मी अडकले ती गाठ वेगळीच होती. सुमारे १७ ते १५ हजार वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक थंडावलेला असताना, नैर्ऋत्य मॉन्सून दुबळा झाला होता. त्यामुळे अरबी समुद्रातली उत्पादकता, म्हणजे प्लवकांची वाढ, घटली आणि ऑक्सिजन-न्यूनतम पट्टाही विरळ झाला. त्या काळाच्या थरांत मला डायटमांचा डीएनए फारच थोडा मिळाला. पहिल्या नजरेत उत्तर सरळ वाटते: डायटम कमी होते. पण त्याच काळात तळाला ऑक्सिजन पोहोचत असल्याने डीएनए टिकण्याची परिस्थितीही बिघडली होती. मग डायटम नव्हते, की होते आणि त्यांचा माग पुसला गेला? एकाच कारणाने दोन्ही घडले असेल, तर केवळ डीएनएवरून ते वेगळे करता येत नाही.

यातून वाट काढताना प्रबंधाचा आवाका आवळावा लागला. डीएनएची झीज सारखी दिसते अशाच थरांची आपसात तुलना करायची, असे ठरले. जीवांची संख्या सांगण्याचा मोहही टाळला, कारण डायनोफ्लॅजेलेट या प्लवकांच्या एकेका पेशीत १८एस जनुकाच्या हजारो प्रती असू शकतात आणि मोजणीत ते उगाच मोठे दिसतात. डायटमांसाठी जैविक सिलिका, कोकोलिथोफोरांसाठी अल्केनोन (त्यांनी बनवलेली, गाळात टिकणारी मेदद्रव्ये) आणि सोबत सेंद्रिय कार्बन ही स्वतंत्र मोजमापे घेऊन, ज्या थरांत ती डीएनएशी जुळली त्यांच्यापुरतेच विधान केले. ईशान्य अरबी समुद्रातल्या एका कोअरमधून ४३ हजार वर्षांतल्या एकपेशीय जीवांचा आलेख २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. माझे थर त्याच्यासमोर ठेवून पाहणे हेच शेवटचे प्रकरण झाले.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कार्बनबद्दल थोडे आणि ब्लँकबद्दल पुष्कळ विचारले. त्यांचा सर्वांत टोकदार प्रश्न सुप्त बीजाणूंचा होता: "कीटोसेरॉससारखे डायटम गाळात सुप्तावस्थेत जिवंत राहतात. मग तुमचा डीएनए मेलेल्यांचा आहे कशावरून?" प्रश्न रास्त होता. बाल्टिक समुद्राच्या सुमारे ७,००० वर्षे जुन्या गाळातले स्केलेटोनेमा हे डायटम पुन्हा वाढवल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेच आहे. झिजलेल्या टोकांचे तुकडे कोणत्या प्रजातींत दिसतात आणि कोणत्यांत नाहीत, तो तक्ता मी दाखवला. बीजाणू बनवणाऱ्या प्रजाती वगळूनही मुख्य निष्कर्ष टिकतो का, हे तपासण्याची दुरुस्ती त्यांनी सुचवली. तो टिकला, मात्र दोन थरांवरचे विधान मागे घ्यावे लागले. त्यानंतर प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवण्याची औपचारिकता पार पडली.

सध्या मी उरलेल्या डीएनए-अर्कांत नॉक्टिल्युका हे डायनोफ्लॅजेलेट शोधते आहे. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यातल्या डायटमांची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाचे थवे घेऊ लागल्याचे २०१४ मध्ये मांडले गेले. या जीवाला कवच नसल्याने सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा इतिहास सापडत नाही, म्हणून त्याच्या डीएनएला चिकटून तेवढेच तुकडे गाळातून वेचून काढतील असे प्रोब तयार करून घेतले आहेत. पहिली तुकडी ब्लँकसह गेल्याच आठवड्यात सिक्वेन्सिंगला गेली.