गाडीच्या धुरावर हुकूम कोणाचा?

अमेरिकेत पर्यावरणाचा कायदा वॉशिंग्टनचा चालतो की राज्याचा, या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या धुरासाठी एक आहे आणि गाडीच्या धुरासाठी दुसरे. 1970 च्या हवा-स्वच्छता कायद्यानुसार देशभराची किमान मानके केंद्रीय पर्यावरण संस्था ठरवते. कारखान्यांवर त्याहून कडक नियम लावण्याची मुभा राज्यांना आहे. मी राहतो त्या कॅलिफोर्नियात तर कारखान्यांचे परवाने राज्याच्याही खालची 35 विभागीय मंडळे देतात.

नव्या गाड्यांच्या बाबतीत मात्र राज्यांचे हात बांधलेले आहेत. अपवाद एकट्या कॅलिफोर्नियाचा, कारण लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे या राज्याने केंद्राच्या आधीच गाड्यांसाठी मानके केली होती. तरीही प्रत्येक नव्या नियमासाठी केंद्राकडून सवलत मागावी लागते, आणि इतर राज्यांना एकतर कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे घ्यावे लागतात किंवा केंद्राचे पाळावे लागतात. तिसरा मार्ग नाही. ही सवलत 2019 मध्ये काढली गेली, 2022 मध्ये परत मिळाली, आणि 2035 पर्यंत पेट्रोलच्या नव्या गाड्यांची विक्री थांबवण्याच्या नियमाला दिलेली सवलत जून 2025 मध्ये संसदेच्या ठरावाने व राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने रद्द झाली. राज्य त्याच दिवशी न्यायालयात गेले. एरवी राज्यांच्या हक्कांचा गजर करणारी मंडळी या वेळी वॉशिंग्टनच्या बाजूने उभी राहिली, हे पाहून मला तरी नवल वाटले नाही.

कोथरूडच्या आमच्या मामांना हे ऐकून पुण्यालाही असा अधिकार हवासा वाटतो. आपल्याकडे कारखान्यांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ केंद्राहून कडक मानके लावू शकते, पण गाड्यांच्या धुराची भारत स्टेज (बीएस; आकडा वाढेल तसे नियम कडक) मानके दिल्लीच ठरवते. 2010 मध्ये बीएस-4 ज्या 13 शहरांत आधी लागू झाले त्यांत पुणे आणि सोलापूर होते. ती यादीही दिल्लीचीच, आणि बाहेर नोंदलेल्या बीएस-3 गाड्या शहरात येतच राहिल्या. एप्रिल 2017 पासून बीएस-4 देशभर लागू झाल्यावर हा भेद मिटला, आणि एप्रिल 2020 पासून बीएस-6 देशभर एकदम आले. माझ्या मते गाडीसारख्या फिरत्या वस्तूसाठी शहरागणिक वेगळ्या मानकांपेक्षा हेच बरे. महापालिकेच्या हाती उरते ते बांधकामांची धूळ रोखणे आणि सार्वजनिक वाहतूक सुधारणे, आणि पीएमपीएमएल या पुण्याच्या शहर बससेवेच्या ई-बस तर बीएस-6 च्या वर्षभर आधीच, 2019 मध्ये, रस्त्यावर आल्या होत्या.