पिटुनियाच्या लटकत्या बास्केटा बियांपासून: लातूरच्या गच्चीवरून संक्रांतीपर्यंतचा अपडेट

मंडळी, बी टाकल्यापासून अपडेट द्यायचा राहून गेला, आज सगळं एकदमच टाकते. माझ्याकडं पिटुनियाच्या वेव्ह जातीतले दोन प्रकार आहेत, ईझी वेव्ह डिसेंबरच्या मध्यापासूनच फुलायलीय आणि पर्पल वेव्ह आत्ता कुठं सुरू झालीय, खरं तर मला आज तिच्याबद्दलच सांगायचंय पण आधी थोडं मागचं.

बी घट बसायच्या सुमाराला टाकलं. त्याच्या आधी आपल्याकडं दमट हवेत कोवळी रोपं मर लागून आडवी होतात, आणि लई उशीर केला तर मार्चचं ऊन फुलं बघू देत नाही. बी खसखशीपेक्षाही बारीक, १ ग्रॅममध्ये जवळपास १०,००० बसतात, म्हणून वेव्हचं बी लेप दिलेल्या गोळीत येतं. ही गोळी धुतलेल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसती ठेवायची, वरून झाकायची नाही कारण उगवायला उजेड लागतो, आणि फवाऱ्यानं गोळी पूर्ण विरघळेपर्यंत ओली ठेवायची, अर्धवट भिजून परत वाळली की बी आतच अडकतं. २२ ते २४ अंशात आठ-दहा दिवसांत उगवतं. मर लागू नये म्हणून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पहिल्या पाण्यातच दिलं. यात अवघड काही नाही, जीव लावून बघत राहायचं एवढंच.

खरी गोष्ट पाण्याची. आपलं बोरचं पाणी किती जड आहे ते बादलीवरचा पांढरा थर बघितला की कळतं, आणि पिटुनियाला माती थोडी आंबट लागते, पीएच साडेपाच-सहाच्या आसपास. जड पाण्यानं पीएच चढतो आणि लोह मातीत असूनही मुळाला मिळत नाही. शेंड्याचं पान हातात घेऊन बघा, शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहच कमी पडतंय, आणि खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र. दोन्हीवर एकच औषध चालत नाही. मी परतीच्या पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलं होतं, रोपं लहान असेपर्यंत तेच दिलं. नंतर पीएच उतरवायला बोरच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्व), पीएचची पट्टी लावून बघायचं आणि मगच घालायचं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस (मुळाला घेता येईल अशा रूपातलं लोह) घेताना ईडीडीएचएवालं मागा, ईडीटीएवालं पीएच चढला की कामाचं राहत नाही. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) हलक्या हातानं, दर आठवड्याला. काळी माती बास्केटमध्ये अजिबात नको, चुनखडी असते आणि पाणी धरून बसते.

आता पर्पल वेव्ह. ही १९९५ साली बाजारात आली, जपानच्या किरिन या बिअर कंपनीनं तयार केलेली, आणि बियांपासून लावता येणारी पसरट पिटुनिया म्हणून अजूनही माझी सगळ्यात आवडती. पण हिला दिवस मोठा लागतो, साधारण १३ तास उजेड, आणि आपल्याकडं डिसेंबरात दिवस ११ तासांचा. म्हणून वेल नुसता पसरतो आणि लोक म्हणतात बी खराब निघालं. बी चांगलंच असतं हो! लहान दिवसात झाड बुडातून फांद्या जास्त काढतं, ते आपल्या फायद्याचंच आहे, त्यामुळं बास्केट भरेपर्यंत मी तिला तशीच राहू दिली आणि मग वर पिवळसर उजेडाचा साधा एलईडी लावला, दिवेलागणीपासून रात्री साडेनऊपर्यंत. त्याच दिवशी लावलेली दुसरी बास्केट गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आहे, तिच्यात अजून कळीचा पत्ता नाही, आणि बल्बखालचीला प्रत्येक फांदीच्या टोकाला त्या चिकट लवेच्या लांबोड्या जांभळ्या कळ्या लागल्यात.

ईझी वेव्हला हे काही लागत नाही, नवीन असाल तर तिच्यापासूनच सुरू करा.

पुढचा बेत असा की फेब्रुवारीत ईझी वेव्ह एक तृतीयांश छाटायची आणि सगळ्या बास्केटा पूर्वेच्या भिंतीला न्यायच्या, दुपारचं ऊन टळेल. नांदेड-परभणीकडं कुणी पाडव्यानंतरही फुलं टिकवली असतील तर सावली कधीपासून धरली ते सांगा.