हायवे ६१, कापूस आणि ब्लूजच्या रेकॉर्डी

अमेरिकेतलं मेम्फिस सोडून हायवे ६१ ने दक्षिणेला लागलं की थोड्याच वेळात चढउतार, झाडी, टेकड्या सगळं संपतं आणि जमीन एकदम सपाट होते, म्हणजे इतकी सपाट की लांबवरचं पाण्याचं टाकी-टॉवर दिसायला लागल्यापासून तिथं पोचेपर्यंत दोनतीन गाणी होऊन जातात. हाच तो मिसिसिपी डेल्टा, ब्लूज या काळ्या लोकांच्या संगीताचं माहेर. ऑक्टोबर होता, दोन्ही बाजूला कापूस फुटलेला. मी यवतमाळ जिल्ह्यातला, लहानपण पऱ्हाटीत गेलेलं, त्यामुळे गाडी थांबवायला लावलीच. माझा मावसभाऊ मेम्फिसमध्ये आयटीत आहे, गाडी त्याची, तो वैतागून म्हणाला, "दादा, तू ब्लूजसाठी आलायस ना? कापूस घरी नाही का?"

घरी आहे, पण असा नाही. इथे वेचणीच्या आधी औषध मारून पानं गाळून टाकतात, त्यामुळे शेतात नुसत्या काड्या आणि पांढरं. मग ते अवाढव्य मशीन फिरतं आणि मागून गोल गाठोडी टाकत जातं, पिवळ्या नाहीतर गुलाबी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ओटी बांधून वेचणाऱ्या बाया नाहीत, पोरं नाहीत, माणूसच नाही कुठे. याची सुरुवात इथलीच, क्लार्क्सडेलजवळ हॉप्सन म्हणून प्लँटेशन आहे तिथे १९४४ साली पेरणीपासून गठाण बांधेपर्यंत सगळं मशीनवर असं पहिलं पीक निघालं. त्याच्याआधी हे सगळं हातानं, आणि हात बहुतेक काळ्या माणसांचे. गुलामी कायद्याने गेली पण जमीन मालकाचीच राहिली, मग बटईनं करायची, बियाणं-किराणा मालकाच्या दुकानातून उधार, आणि वर्षाखेरीला हिशोबाला बसलं की परत मजुराच्याच अंगावर बाकी. आमच्याकडच्या कास्तकाराला यातलं काहीही समजावून सांगायला लागणार नाही. शिवाय १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, इथला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला भाव आला, म्हणजे या जमिनीशी आपलं जुनं नातं आहे, जरा विचित्र असलं तरी.

आता मुद्द्यावर येतो. ब्लूजचं कलेक्शन सुरू करायचंय, कुठले अल्बम घेऊ असं बरेच जण विचारतात. याद्या नेटवर ढिगानं आहेत. माझं म्हणणं एवढंच की सालाच्या क्रमाने किंवा रेटिंगच्या क्रमाने जाऊ नका, रस्त्याच्या क्रमाने जा. हे संगीत डेल्टातून निघून मेम्फिसवरून शिकागोला गेलंय, आणि प्रत्येक चांगल्या रेकॉर्डवर हा रस्ता कुठेतरी ऐकू येतो. एकदा तो कान लागला की काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळतं.

मेम्फिस मी पटकन उरकतो. बील स्ट्रीट आता निऑन, बियर आणि टीशर्ट. एकदा चक्कर मारा, फोटो काढा, बास. त्यापेक्षा ७०६ युनियन अव्हेन्यूवरचा सन स्टुडिओ बघा, अगदी छोटीशी खोली आहे. लोक येतात एल्विससाठी, पण त्याच्या आधी १९५१ मध्ये स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सने इथे हाउलिन वुल्फ या गायकाला रेकॉर्ड केलं. सहा फुटांच्या वरचा धिप्पाड गडी आणि आवाज असा की घसा सोलवटून निघाल्यासारखा. ती सुरुवातीची गाणी 'मोनिन इन द मूनलाइट' (१९५९) वर आहेत, हा घ्याच. त्याच्यानंतरचा १९६२ चा, कव्हरवर नुसती झुलती खुर्ची आहे तो, काही लोकांना जास्त आवडतो कारण त्यात गाणी जास्त घासूनपुसून केलेली आहेत. दोन्ही मिळून एका सीडीवर पण येतात, जागा कमी असेल तर ते बरं.

मेम्फिसमध्येच स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं म्युझियम आहे, मूळ इमारत पाडली होती, त्याच जागेवर परत बांधलंय. तिथला अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', १९६७ चा. हा डावखुरा, आणि उजव्या हाताचं गिटार उलटं धरून वाजवायचा, तारांचा क्रम न बदलता, त्यामुळे इतर लोक तार वर ढकलतात तिथे हा खाली ओढतो. मागे स्टॅक्सचा हाऊस बँड, बुकर टी आणि मंडळी, हॉर्न्स. रॉक ऐकणाऱ्या मित्राला ब्लूजकडे वळवायचं असेल तर हा सगळ्यात सोपा. मला हा मॅडिसन अव्हेन्यूवरच्या शांग्री-ला रेकॉर्ड्समध्ये जुना एलपी मिळाला, कव्हरची कड फाटलेली पण आतली रेकॉर्ड ठणठणीत.

क्लार्क्सडेलला पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि अर्धं गाव बंद. खरंच बंद, म्हणजे लंचला गेलेत असं नाही, दुकानांना पाट्या ठोकलेल्या. डेल्टा ब्लूज म्युझियम रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे आणि तिथे मडी वॉटर्स या गायकाची झोपडी आणून ठेवलीय, स्टोव्हल प्लँटेशनवरची, लाकडाच्या ओंडक्यांची. आत मडीचा मेणाचा पुतळा बसवलाय तो मला काही झेपला नाही. पण झोपडी बघून गप्प झालो हे खरं. ऑगस्ट १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारा अॅलन लोमॅक्स आणि फिस्क युनिव्हर्सिटीचे जॉन वर्क लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मशीन घेऊन स्टोव्हलला आले होते, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या या पोराला त्यांनी रेकॉर्ड केलं. स्वतःचा आवाज त्याने पहिल्यांदा नीट ऐकला तो तेव्हा. दोन वर्षांनी त्याने तासाला २२.५ सेंट मिळतात ते २५ करा म्हणून मुकादमाकडे मागितले, तो नाही म्हणाला, आणि मडीने शिकागोची ट्रेन पकडली. अडीच सेंटसाठी नाही म्हणणाऱ्या त्या मुकादमाचे ब्लूजवर केवढे उपकार आहेत बघा.

मडीचे तीन घ्या, इथे कंजुषी नको. 'द कम्प्लीट प्लँटेशन रेकॉर्डिंग्ज' म्हणजे तीच १९४१-४२ ची रेकॉर्डिंग, मध्येमध्ये मुलाखतीचे तुकडे पण आहेत, तो हळू आवाजात आदबीने उत्तरं देतो. मग 'अॅट न्यूपोर्ट १९६०', इलेक्ट्रिक बँड, समोर गोरी कॉलेजची पोरं, आणि हा माणूस त्यांना शेवटी नाचायला लावतो. आणि तिसरा, जो मी नवीन माणसाला सगळ्यात आधी द्यायला सांगतो, 'फोक सिंगर' (१९६४). शिकागोच्या स्टुडिओत बसून पण बिना अॅम्प्लिफायरचा, सोबत तरुण बडी गाय आणि बासवर विली डिक्सन. गाण्यात दोन ओळींच्या मध्ये जी शांतता आहे ना, ती या रेकॉर्डवर इतकी स्वच्छ पकडलीय की ऑडिओवाले लोक अजून स्पीकर टेस्ट करायला हा लावतात. डेल्टाचं गाणं, शिकागोचा माइक. यावरून पुढे दोन्हीकडे जाता येतं.

आता सगळे जिथे सुरुवात करतात त्याविषयी. हायवे ६१ आणि ४९ जिथे एकमेकांना छेदायचे त्या चौकात निळ्या गिटारींचा खांब आहे, इथेच रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकला म्हणे. चौक कसला, आजूबाजूला गॅरेज, दुकानं, ट्रॅफिक, सैतान आलाच तर त्याला पार्किंग मिळायचं नाही. ती गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाविषयी त्याचा भाऊ सांगायचा, ती नंतर रॉबर्टला चिकटली. रॉबर्ट २७ व्या वर्षी १९३८ मध्ये ग्रीनवुडजवळ गेला, मागे २९ गाणी, सॅन अँटोनियो आणि डॅलसमध्ये रेकॉर्ड केलेली. 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' (१९६१) हवाच, त्याशिवाय कपाट पूर्ण नाही, पण पहिला घेऊ नका. पहिल्याच दिवशी हा लावला तर खरखर ऐकू येते आणि माणूस नाही ऐकू येत. दोनतीन महिने मडी आणि वुल्फ ऐका, मग रात्री हेडफोन लावून हा ऐका, एकटा माणूस दोन गिटारी कसा वाजवतोय असं वाटेल. तिथे खरी मजा आहे, सैतानात नाही.

सनफ्लॉवर अव्हेन्यूवर रिव्हरसाइड हॉटेल आहे, ते आधी काळ्या लोकांचं हॉस्पिटल होतं. सप्टेंबर १९३७ मध्ये हायवे ६१ वर अपघात झाल्यावर गायिका बेसी स्मिथला इथे आणलं आणि इथेच ती गेली. तिच्या कुठल्याही नीट साफ केलेल्या संग्रहातला १९२० च्या दशकाचा भाग घ्या. ही डेल्टाची नाही, टेनेसीची, थिएटरची बाई, मागे पियानो आणि कॉर्नेट. पुरुषांच्या गिटारींनी भरलेल्या कपाटात ती पाहिजेच.

संध्याकाळी टमाले खाल्ले, मक्याच्या सालात गुंडाळलेले, आत डुकराचं मटण आणि झणझणीत रस्सा. मेक्सिकोचा पदार्थ डेल्टात येऊन पक्का इथला झालाय. मावसभाऊ शाकाहारी, त्याने फ्राइज आणि कोलस्लॉवर भागवलं आणि मला ऐकवलं पण. नंतर एका ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे गाणं-बियरच्या छोट्या अड्ड्यावर गेलो, लाल दिवे, छताला ओल आलेली, स्टेज नाहीच, बँड जमिनीवर आणि आपल्यापासून चार हातांवर. ड्रम्स इतके जवळ की बियरचा ग्लास थरथरतो. हा खोलीतला आवाज घरी पाहिजे असेल तर ज्युनियर वेल्सचा 'हूडू मॅन ब्लूज', १९६५, डेलमार्क कंपनीचा. चार माणसं, हार्मोनिका आणि बडी गायचं गिटार. रेकॉर्डिंग चालू असताना बडीचा अॅम्प बिघडला तेव्हा गिटार ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरमधून काढलं, तो गरगरणारा आवाज एकदोन गाण्यांत सरळ ऐकू येतो. बडी दुसऱ्या कंपनीच्या करारात असेल या भीतीने कव्हरवर त्याचं नाव 'फ्रेंडली चॅप' छापलं होतं! हाच बडी गाय २०११ मध्ये बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला वाजवून गेला, तुमच्यातले काही जण असतीलही तिथे.

दुसऱ्या दिवशी डॉकरी फार्म्स. १८९५ ला विल डॉकरीने जंगल तोडून बसवलेलं प्लँटेशन, कापसातून सरकी काढायचं स्वतःचं जिन, स्वतःचं दुकान, स्वतःचं चलन सुद्धा. आता जिनिंगची जुनी शेड आणि सरकी ठेवायची इमारत उभी आहे, आत गेलो तर तोच वास, आमच्या घाटंजीच्या जिनमधला. इथे चार्ली पॅटन राहायचा, गिटार पाठीमागे धरून, मांड्यांत धरून वाजवायचा, आणि त्याचं बघून हाउलिन वुल्फ शिकला. पॅटनची रेकॉर्डिंग सहन करावी लागतात हे आधीच सांगतो. पॅरामाउंट ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा, रेकॉर्डचा माल हलका, मूळ साचे नाहीसे झालेले, उरल्यात त्या झिजलेल्या प्रती. तरीपण मिसिसिपी नदीच्या १९२७ च्या महापुरावरचं त्याचं दोन भागांचं गाणं ऐका, माणूस पायाने लाकडी जमीन बडवतोय आणि गावांची नावं घेत पाणी पुढे सरकतंय. याझू कंपनीचा 'फाउंडर ऑफ द डेल्टा ब्लूज' हा संग्रह पुरेसा आहे.

पॅटनचा जोडीदार सन हाउस मात्र नशिबानं नीट रेकॉर्ड झाला. १९६४ ला तो रोचेस्टरमध्ये सापडला तेव्हा कित्येक वर्षं त्याने गिटार हातात धरलेलं नव्हतं, अॅल विल्सन नावाच्या तरुणाने त्याला त्याचीच गाणी परत शिकवली, आणि १९६५ ला 'फादर ऑफ फोक ब्लूज' आला. त्यात एक गाणं नुसतं टाळ्यांवर आहे, वाद्य नाहीच. मी ते गाडीत लावलं आणि भाऊ, ज्याला तोपर्यंत सगळी गाणी सारखीच वाटत होती, तो म्हणाला "परत लाव."

इंडियानोलाला बी बी किंगचं म्युझियम, जुन्या विटांच्या जिनच्या इमारतीला जोडून बांधलेलं, ज्या जिनमध्ये तो स्वतः काम करायचा. तिथेच त्याला २०१५ मध्ये पुरलंय. म्युझियम फार छान मांडलंय, अर्धा दिवस ठेवा. अल्बम एकच सांगतो, 'लाइव्ह अॅट द रीगल', नोव्हेंबर १९६४ चा शिकागोचा कार्यक्रम. प्रेक्षकांतल्या बायकांच्या किंकाळ्या पण वाद्यासारख्या वापरल्यात त्याने. एक ओळ म्हणतो, गिटार उत्तर देतं, पब्लिक दाद देते, तो थांबतो. मैफल ऐकायची सवय असलेल्या माणसाला हा लगेच कळतो.

खरेदीची एक गोष्ट, मॉलमध्ये आणि ऑनलाइन जे स्वस्त 'बेस्ट ऑफ ब्लूज' संग्रह मिळतात ते घेताना मागची बाजू वाचा. रेकॉर्डिंगचं साल आणि मूळ कंपनी लिहिली नसेल तर ठेवून द्या, बरेचदा म्हातारपणी परत गायलेली गाणी असतात त्यात.

परत येताना ६१ सोडून मुद्दाम पूर्वेला टेकड्यांतून इंटरस्टेट ५५ ने आलो, कोमो, होली स्प्रिंग्जचा भाग. इथलं संगीत वेगळं, सूर फारसे बदलतच नाहीत, एकच लय धरून रात्रभर चाललेल्या भजनासारखं घुमत राहतं. कोमोचा फ्रेड मॅकडॉवेल लोमॅक्सला १९५९ ला भेटला, कापूस वेचून संध्याकाळी गिटार घेऊन आला होता. आणि ज्युनियर किम्ब्रोचा 'ऑल नाइट लाँग' (१९९२) त्याच्या स्वतःच्या ज्यूक जॉइंटमध्ये रेकॉर्ड झालेला, ती जागा २००० मध्ये जळाली. याद्यांमध्ये हा सहसा शेवटी कुठेतरी असतो किंवा नसतोच. माझ्या मते मडीच्या लगेच नंतर घ्या. भावाने मेम्फिसला पोचल्यावर किम्ब्रोचीच सीडी माझ्या पिशवीतून काढून घेतली आणि ऑफिसला जाताना ऐकतो म्हणाला, मला पुण्यात परत मागवावी लागली.