लेन स्टेलीनंतरचं अ‍ॅलिस इन चेन्स

३ जुलै १९९६ रोजी कॅन्सस सिटीत अ‍ॅलिस इन चेन्स या अमेरिकन रॉक बँडनं किस या बँडच्या कार्यक्रमाआधी आपला सेट वाजवला. गायक लेन स्टेलीनं बँडबरोबर रंगमंचावर गायलेलं ते शेवटचं. १९९८ मध्ये 'गेट बॉर्न अगेन' आणि 'डाइड' ही दोन गाणी रेकॉर्ड झाली, पुढे सगळं ठप्प झालं. एप्रिल २००२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, स्टेली सिअ‍ॅटलमधल्या आपल्या घरी वारला.

गायक गेला की रॉक बँडचं बहुधा काही खरं नसतं. कर्ट कोबेननंतर निर्वाणा तिथंच थांबला. ब्लाइंड मेलनचा शॅनन हून १९९५ मध्ये गेला. बाकीच्यांनी २००६ मध्ये नवा गायक घेऊन पुन्हा मोट बांधली, २००८ मध्ये अल्बमही काढला, पण पूर्वीचा जम काही बसला नाही. अ‍ॅलिस इन चेन्सनं मात्र स्टेलीनंतर तीन पूर्ण अल्बम केले आणि त्यातला एकही जुन्या पुण्याईवर चाललेला नाही. हे नशिबानं झालं असं मला वाटत नाही. त्यांच्या गाण्याची बांधणीच तशी होती आणि त्यांनी घाई केली नाही.

आधी बांधणीचं बघू. या बँडचा आवाज म्हणजे स्टेलीचा आवाज, ही समजूत अर्धीच खरी आहे. नीट कान दिला तर तिथं कायम दोन माणसं गाताना सापडतात. 'वुड?' लावा. कडव्यांत खालच्या पट्टीत गाणारा आवाज गिटारिस्ट जेरी कँट्रेलचा आहे. स्टेली मुख्य गायक म्हणून येतो तो ध्रुवपदाला, आणि तो येताच गाण्याचं छत उंच होतं. 'नो एक्सक्यूजेस'मध्ये दोघं जोडीनं गातात. 'डोन्ट फॉलो'चा पूर्वार्ध कँट्रेलचा, उत्तरार्ध स्टेलीचा. 'हेवन बिसाइड यू'मध्ये तर मुख्य गायक कँट्रेलच आहे. शिवाय बहुतेक चाली त्याच्याच.

दोघांच्या सुरांमधलं अंतरही लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. पॉपमध्ये दुसरा आवाज सहसा गोड तिसरा सूर धरून चालतो. इथं चाल कोमल स्वरांची, दुसरा आवाज कधी तिसऱ्यावर तर कधी चौथ्या-पाचव्यावर, आणि दोन्ही आवाज जवळजवळ सारख्याच जोरात. त्यामुळे मूळ चाल कुठली आणि साथ कुठली, हे पटकन सांगता येत नाही. शिवाय स्टुडिओत स्वतःचेच ट्रॅक एकावर एक चढवायची स्टेलीची पद्धत होती. म्हणजे 'डर्ट' या अल्बमवर जे ऐकू येतं ते एका माणसाला स्टेजवर गाणं शक्यच नव्हतं, अगदी त्याला स्वतःलाही नाही.

म्हणून २००२ मध्ये नेमकं काय गेलं, हे मोजून सांगता येतं. वरचा सूर गेला, लांब खेचलेल्या स्वरांतली ती कर्कश धार गेली आणि 'अँग्री चेअर'सारखी गाणी एकट्यानं लिहिणारा माणूस गेला. खालचा आवाज, गिटार आणि बऱ्याचशा चाली लिहिणारा हात मात्र शाबूत होता.

आता वेळेचं. २००५ च्या फेब्रुवारीपर्यंत बँड म्हणून कोणी काही केलं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतल्या पीडितांसाठी सिअ‍ॅटलमध्ये मदतीचा कार्यक्रम झाला, त्यात कँट्रेल, ड्रमर शॉन किनी आणि बेसिस्ट माइक आयनेझ एकत्र उभे राहिले. गायक एक नव्हता: डॅमेजप्लॅनचा पॅट लॅकमन, टूलचा मेनार्ड जेम्स कीनन, हार्टची अ‍ॅन विल्सन. ही पायरी मला फार महत्त्वाची वाटते. तीन-चार पाहुणे गायले की कोणीच 'नवा स्टेली' ठरत नाही. जुन्या गायकाशी तुलना करायला समोर एक माणूसच नसतो. मार्च २००६ मध्ये व्हीएच-वन या संगीत वाहिनीच्या कार्यक्रमात पुन्हा तेच केलं. 'वुड?' पँटेराच्या फिल अँसेल्मोनं गायलं आणि 'रूस्टर' अ‍ॅन विल्सननं विल्यम ड्युव्हॉलबरोबर.

ड्युव्हॉल कुठून तरी जाहिरात देऊन आणलेला नव्हता. अटलांटातल्या निऑन क्राइस्ट या हार्डकोर, म्हणजे आक्रमक पंक वाजवणाऱ्या बँडपासून त्याची सुरुवात. डिऑन फॅरिसचं १९९५ मधलं गाजलेलं 'आय नो' लिहिण्यात त्याचा वाटा होता. त्याचा बँड कम्स विथ द फॉल कँट्रेलच्या 'डिग्रेडेशन ट्रिप' या स्वतंत्र अल्बमच्या दौऱ्यात आधी स्वतःचा सेट वाजवायचा आणि मग कँट्रेलला साथ करायचा. म्हणजे कँट्रेलबरोबर जोडीनं गाण्याचा सराव अ‍ॅलिस इन चेन्समध्ये येण्याआधीच झालेला होता. सरावाला त्याच्याकडून गाऊन घेतलं ते 'लव्ह, हेट, लव्ह', स्टेलीच्या गाण्यांतलं सगळ्यात दमछाक करणारं.

त्याच्या येण्यानं एक फायदा असा झाला ज्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. तो गिटारही वाजवतो. पूर्वी स्टेजवर बहुतेक गाण्यांत एकच गिटार असायची; कँट्रेल सोलोकडे वळला की खालची रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, गायब व्हायची आणि बेसला एकट्यानं तोल सांभाळावा लागायचा. दोन गिटारी झाल्यावर सोलोच्या वेळीही रिफ चालू राहते.

२००६ च्या दौऱ्यात इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक भागांच्या मध्ये स्टेलीवरची पाच मिनिटांची चित्रफीत दाखवत. स्टेलीचा उल्लेख टाळायचा नाही आणि संध्याकाळभर तोच विषयही नाही, असा तो मार्ग मला योग्य वाटतो.

नवा अल्बम ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला. कोणत्याही रेकॉर्ड कंपनीशी करार नसताना, खर्च कँट्रेल आणि किनी यांच्या खिशातून. जागा फू फायटर्सच्या डेव्ह ग्रोलचा स्टुडिओ ६०६, निर्माता निक रास्कुलिनेझ. कंपनी आधी आली असती तर पहिल्याच बैठकीत 'गायक स्टेलीसारखा वाटतो का' हा प्रश्न निघाला असता, असं मला वाटतं. 'ब्लॅक गिव्ह्ज वे टू ब्लू' २९ सप्टेंबर २००९ ला आला, 'डर्ट'नंतर बरोबर सतरा वर्षांनी, आणि बिलबोर्ड २०० या अमेरिकन अल्बम-यादीत पाचवा होता. शीर्षकगीत स्टेलीसाठी आहे आणि त्यात पियानो एल्टन जॉनचा. स्टेलीनं आयुष्यात पाहिलेला पहिला मोठा कार्यक्रम एल्टन जॉनचाच होता.

खरा निर्णय मात्र आवाजाच्या वाटणीचा. ड्युव्हॉलला स्टेलीच्या जागी उभं केलं नाही. कँट्रेल मध्यभागी सरकला आणि ड्युव्हॉलनं जोडीचा सूर घेतला. 'चेक माय ब्रेन' आणि 'युअर डिसिजन' ऐकताना मुख्य आवाज कँट्रेलचा आहे हे स्पष्ट कळतं. ड्युव्हॉल पूर्ण ताकदीनं पुढे येतो तो 'लास्ट ऑफ माय काइंड'मध्ये, आणि तिथं तो स्टेलीसारखा अजिबात वाटत नाही. त्याच्या आवाजात हार्डकोरची खरखर आहे. मला तेच आवडतं.

ही गाणी वाजवून बघणाऱ्यांसाठी थोडं. बँडची बहुतेक गाणी अर्धा स्वर खाली लावलेली असतात. 'देम बोन्स' आणि 'चेक माय ब्रेन' यांच्यासाठी त्याहून पुढे जाऊन सहावी तार आणखी एक पूर्ण स्वर उतरवायची. खालून वर: डी फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट. इथं हमखास चूक होते ती अशी, की सहावी तार साध्या ड्रॉप डीप्रमाणे दोनच फ्रेट उतरवतात आणि बाकी तशाच ठेवतात. मग रेकॉर्डबरोबर वाजवताना सगळं अर्धा स्वर वर लागतं. शून्य-नऊच्या (०.००९ इंच जाडीपासूनच्या) पातळ तारा इतक्या खाली ढिल्या पडतात आणि जोरात दाबलं की सूर चढतो. 'चेक माय ब्रेन'ची रिफ तर तार वाकवून सूर सरकवण्यावरच उभी आहे, तिथं ढिली तार म्हणजे नुसता गोंधळ. दहा ते बावन्नचा संच लावा आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते, पुन्हा तपासा. 'देम बोन्स'ची रिफ सातच्या मोजणीत आहे, ध्रुवपद चारच्या. ड्रमर सातव्या ठोक्यानंतर नकळत आठवा टाकतो आणि सगळे भरकटतात. रिफ तोंडानं म्हणत सात मोजल्याशिवाय वाद्याला हात लावू नये. दोघांनी गाणार असाल तर आधी कँट्रेलचा खालचा सूर एकट्यानं पक्का करा. वरचा आवाज आधी शिकलात तर खालचा गायक हटकून त्याच्या मागे ओढला जातो.

'द डेव्हिल पुट डायनोसॉर्स हिअर' मे २०१३ मध्ये आला आणि बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. 'हॉलो' आणि 'स्टोन' जबरदस्त आहेत, पण तासापेक्षा लांब असलेला हा अल्बम मध्यावर रेंगाळतो. दोन गाणी कमी असती तर बरं झालं असतं. ऑगस्ट २०१८ चा 'रेनियर फॉग' अधिक आटोपशीर आहे. त्यातला काही भाग सिअ‍ॅटलच्या स्टुडिओ एक्समध्ये रेकॉर्ड झाला. याच जागी, तेव्हाच्या बॅड अ‍ॅनिमल्स स्टुडिओत, स्टेलीबरोबरचा १९९५ चा अल्बम झाला होता. 'नेव्हर फेड'चे शब्द ड्युव्हॉलचे आहेत. आजी, साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल आणि स्टेली हे तिघेही त्याच्या मनात होते. बँडमध्ये आल्यावर बारा वर्षांनी त्यानं लिहिलेल्या या गाण्यात दोन्ही आवाजांची वाटणी जितकी सहज आहे, तितकी 'ब्लॅक गिव्ह्ज वे टू ब्लू'वर कुठेच नाही. नवीन ऐकणाऱ्याला मी आधी हेच लावायला सांगेन, मग 'वुड?', मग पुन्हा हेच.