उसनी वट

खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसून पिल्लं घेऊन अंगणात उतरली, की बाकीच्या कोंबड्या आपसूक वाट सोडतात. अंग फुगवलेलं, पंख खाली ओढलेले, घशात अखंड गुरगुर. एरवी कणी टाकली की हिला हुसकावणारी दांडगी कोंबडीही त्या दिवसांत जपून असते. पिल्लांना कोणी विचारत नाही तुम्ही कोण. आईच्या वटीवर ती कळपात शिरतात.

आमच्याकडे यंदा पिल्लं आली ती खोक्यातून. मशीनवर उबवलेली, गिरिराज जातीची. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला थोडी कमी, मानमोडी रोगाच्या लशीचे थेंब, सगळं रीतसर. ऊब बल्ब देतो हो. वट कुठून आणायची?

कारण कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थॉरलीफ श्येल्डरूप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञाला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद. त्यातूनच त्याने ही उतरंड मांडली आणि १९२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे उतरंड नेहमी सरळ नसते. तांबडी काळीला टोचते, काळी कबरीला, आणि कबरी खुशाल तांबडीला! पण नव्याला अशी पळवाटही नसते. तो सगळ्यांच्या खाली.

म्हणून दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत पिल्लं वेगळी ठेवायची आणि मग जाळीआड, कळपाच्या नजरेसमोर. आठवडाभर दोन्हीकडून नुसतं बघणं. आमच्या कोंबड्या जाळीसमोर अशा उभ्या राहायच्या, जसा पासवाल्यांचा जुना ग्रुप लोकलमध्ये नव्या माणसाकडे बघतो. हळूहळू कंटाळल्या. मला वाटतं, हा कंटाळाच खरा परवाना.

जाळी काढली तेव्हा शेजारच्या काकी पायरीवर येऊन बसल्या. पहिल्याच मिनिटाला टोचाटोची, पिसं उडाली. मी उठले तर म्हणाल्या, "मधी पडा नको. रगात दिसला तर उचल." हा सल्ला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा नेमका आहे. टोचणं म्हणजे ओळखपरेड; ती अर्धवट थांबवली तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. रक्त मात्र वेगळं. लाल ठिपका दिसला की सगळा कळप त्याच जागी टोचत सुटतो. तेव्हा पिल्लू उचलायचं, हळद भरायची, जखम सुकेपर्यंत बाजूला.

आपल्या हातात असतं ते जागेचं. खाण्यापाण्याची भांडी एकमेकांपासून लांब, म्हणजे एकच कोंबडी सगळ्यांवर पहारा देऊ शकत नाही. फाट्यांच्या मोळीखाली पिल्लू शिरेल पण कोंबडी अडेल एवढी फट. रात्री अंधारात पिल्लं हळूच खुराड्यात ठेवायची युक्तीही सगळे सांगतात. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे रात्र सुखाची जाते हे खरं. पण उजाडल्यावर तिला मोजदाद करता येत नाही असं समजणं म्हणजे तिचा अपमान. ती तुरा आणि तोंड बघून ओळखते, आणि हे तोंड कालचं नव्हे हे तिला बरोबर कळतं.

खाद्याचा पेच वेगळाच. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला एक टक्का पुरे, जास्तीने मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून सध्या सगळ्यांना पिल्लांचं खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत. ज्या अंडी घालतात त्या आपणहून तिथे जातात.

तरी आईवेगळ्या पिल्लांची फार कणव करू नये. खरी आईसुद्धा दीड-दोन महिन्यांनी एके दिवशी वळते आणि स्वतःच्याच पिल्लांना टोचून हाकलते. तिला पुन्हा अंडी घालायची असतात. तोवरची वट उसनी होती. त्या दिवसापासून ती पिल्लंही उतरंडीच्या तळाला. फरक एवढाच की त्यांना तोवर कळपाच्या सवयी ठाऊक झालेल्या असतात.

आमच्या पिल्लांतल्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरण्या कोंबड्या, आता वरच्या दांडीवर जागा धरू बघतात. परवा त्यातल्या एकीने कबरीला कणीवरून चक्क हटकलं, आणि कबरी हटली. काकींनी त्या तलंगेचा लाल होत आलेला तुरा पाहिला आणि तिला अंडी घालायला टोपली शोधायला मला लावलं.